लीलाबाईंच्या दाराचं अपील

लहरीपुऱ्यात, बांगड्यांच्या दुकानामागच्या बोळात, गेली अकरा वर्षं एक भांडण सुखाने नांदत होतं. भांडण लीलाबाईंचं आणि शेजारच्या मानसिंगरावांचं. तारखेला वेळेवर उठायचं, आवरून निघायचं, कोर्टातल्या बाकावर मुकाट बसायचं आणि पुढची तारीख घेऊन जेवणाच्या वेळेला घरी यायचं. इतकं शिस्तीचं मूल दोन्ही घरांत दुसरं झालं नव्हतं.

तारखेच्या दिवशी दोघं एकाच रिक्षातून दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात जात. कोर्ट एक, भांडण एक, मग रिक्षा दोन कशाला, असं मानसिंगरावांचं म्हणणं. ते डाव्या अंगाला बसत, लीलाबाई उजव्या, आणि मध्ये दोघांच्या कागदांच्या पिशव्या एकमेकींना टेकून बसत. येताना वाटेत सेवउसळ. मानसिंगरावांना ती तिखट लागे, तरी ते दर वेळी तर्री जास्त मागत, आणि लीलाबाई दर वेळी आपल्यातला पाव त्यांच्या ताटलीत सरकवत.

आता एवढं गोडीगुलाबीने भांडायचं, तर भांडायचं तरी कशाला, असं कुणी विचारलं तर उत्तर होतं: दारासाठी.

लीलाबाईंच्या घराला पुढून रस्ता होता, पण पुढचा तळमजला बांगडीवाल्याकडे. त्यामुळे पुढून यायचं तर सतरा पायऱ्या चढून माडीवर, आणि माडीवरून आतल्या जिन्याने अकरा पायऱ्या उतरून मागच्या खोलीत. चूल तिथे, मोरी तिथे, लीलाबाईंची कॉटही तिथे. रेल्वेत नकाशे काढणाऱ्या शरच्चंद्रांना, म्हणजे लीलाबाईंच्या यजमानांना, हा द्राविडी प्राणायाम बघवेना. निवृत्त झाल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी मागच्या खिडकीचं दार करून टाकलं. दार उघडलं की बोळ, बोळातून चार पावलांत रस्ता. पायरी एकसुद्धा नाही.

बोळ मात्र मानसिंगरावांचा. निदान त्यांच्या पणजोबांना मिळालेल्या सनदेत तसं लिहिलेलं. त्यांनी दावा लावला आणि जिंकले. दार बुजवावं असा हुकूम झाला. शरच्चंद्रांनी अपील केलं, हुकमाला स्टे मिळाला. मग चार वर्षांपूर्वी शरच्चंद्र गेले, आणि घराबरोबर, पितळी डब्यांबरोबर, अपीलही लीलाबाईंच्या नावावर आलं.

त्याच दाराने रोज संध्याकाळी मानसिंगरावांकडे झाकलेली वाटी जाई. कधी कढी, कधी भरली वांगी. मानसिंगरावांची बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि त्यांच्या हातची खिचडी मांजरदेखील वास घेऊन सोडून देई. लीलाबाईंची आई साताऱ्याकडची, जात्यावर बसली की ओवीला ओवी जोडणारी. जातं गेलं, पण जोडायची खोड लेकीत उतरली. वाटी देताना लीलाबाई मुद्दाम ऐकू जाईल अशा गुणगुणत:

*दाराला माझ्या कडी, कडीला गं कुलूप*
*शेजाऱ्याच्या रागाला, रोज घालते मी तूप*

"तूप कमी घाला," आतून आवाज येई. "डॉक्टरांनी बंद केलंय."

*

तर चैत्रातल्या एका सोमवारी सव्वादहाला मानसिंगराव काळा कोट चढवून बोळात आले. तारखेच्या दिवशी ते सकाळी काही खात नसत. परतताना सेवउसळ खायची तर पोटात जागा हवी, हा हिशेब. साखरेची गोळी मात्र नेमाने घेत. गेली कित्येक वर्षं हा हिशेब जमून गेला होता. त्या दिवशी नाही जमला.

"वहिनी, चालो," एवढं म्हणाले, आणि भिंतीला हात लावायला गेले तो भिंत त्यांना सापडलीच नाही.

लीलाबाई पंचेचाळीस किलोच्या. मानसिंगराव तरुणपणी तालमीत जाणारे, अजून पंच्याऐंशीच्या खाली न आलेले. तरी लीलाबाईंनी त्यांना काखेत धरलं, खांदा लावला, आणि ओरडून रिक्षावाल्याला बोलावलं. पिशवीत गुळाचा खडा होता तो त्यांच्या तोंडात कोंबला. कागदांच्या पिशव्या दारातच राहिल्या, फोन ओट्यावर राहिला. कोर्टाकडे निघालेली रिक्षा दवाखान्याकडे वळली.

अर्ध्या वाटेत गूळ विरघळला आणि मानसिंगरावांनी डोळे उघडले.

"ही कोर्टाची वाट नव्हे," ते म्हणाले.

"आज स्थळ बदललंय," लीलाबाई म्हणाल्या. "गप्प बसा."

दवाखान्यात फॉर्म आला. रुग्णाचं नाव, वय, पत्ता हे सगळं त्यांनी शाळेत हजेरीपट भरावा तशा अक्षरात भरलं. मग रकाना आला: रुग्णाशी नाते. लीलाबाई थबकल्या. शेजारीण लिहिलं तर शेजाऱ्यांची सही चालायची नाही, म्हणतील. बहीण लिहिलं तर खोटं. अकरा वर्षं सरकारी कागदावर जे नातं होतं तेच त्यांनी लिहिलं: विरुद्ध पक्षकार. नर्सने वाचलं, त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं.

"बा, आम्ही ह्यांना नीट बघू," ती आजीशी बोलावं तशी घाईघाईने म्हणाली. "तुम्ही बाहेर बसा."

*

रसिका वकिलांचा फोन संध्याकाळी आला. रसिका तिशीची, बोलायला लागली की चार वाक्यांत मराठी, गुजराती, इंग्रजी अशा तीन भाषा.

"काकू, तुम्ही कुठे होता? मी वेट करत राहिले ने!"

तिची पद्धत ठरलेली होती. सकाळी तिची दोन-तीन कामं वेगवेगळ्या मजल्यांवर असत. लीलाबाई खालच्या कोर्टात बाकावर बसून राहत, आणि आपल्या अपिलाचा पुकारा जवळ आला की रसिकाला मिस्ड कॉल देत. मग ती काळा गाऊन सावरत जिन्यावरून धावत येई. असं कधीपासून चाललेलं. त्या सोमवारी मिस्ड कॉल आला नाही, म्हणजे नंबर लागला नाही, असं समजून ती वर बसून राहिली.

खाली पुकारा झाला होता. मानसिंगरावांचे वकील गणपतराव उभे राहिले, एकटेच. दोघं पक्षकार बरोबरच येतात आणि बरोबरच उशीर करतात हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी थोडा वेळ मागितला. न्यायाधीशबाई नवीन. त्यांनी दुपारच्या सुट्टीनंतर पुन्हा पुकारा करवला. अपील ज्यांचं, त्यांच्याकडून ना माणूस ना वकील. दोन ओळींत अपील काढून टाकलं.

"म्हणजे आपण हरलो?" लीलाबाईंनी विचारलं.

"हरलो नाही काकू. आपलं ऐकलंच नाही. तुम्ही आला नाहीत, म्हणजे तुम्हाला चालवायचं नाही, असं धरून बंद केलं. पण स्टे गेला. आता ते दार बुजवू शकतात."

लीलाबाईंनी दाराकडे पाहिलं. ते उघडंच होतं. बोळातून कुणाच्या तरी फोडणीचा वास येत होता.

"पुन्हा उघडता येतं," रसिका म्हणाली. "तीस दिवसांत अर्ज करायचा. का आला नाहीत त्याचं खरं कारण सांगायचं, शपथेवर. कारण पटलं तर अपील होतं तिथून पुढे चालू. सांगा, का नाही आलात?"

"सामनेवाल्यांना घेऊन दवाखान्यात गेले होते."

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग रसिका म्हणाली, "काकू, असं कारण मी आजपर्यंत टाइप केलं नाही."

*

बातमी दोन ठिकाणी पोचली आणि दोन्ही ठिकाणी आनंद झाला.

गोत्रीला केयूर, लीलाबाईंचा मुलगा, सातव्या मजल्यावर राहत होता. "आई, हे बरंच झालं. आता तरी इकडे ये. लिफ्ट आहे, बाग आहे, खाली मंदिर आहे. त्या जिन्यावर तुझे गुडघे–"

"माझ्या गुडघ्यांना काय झालंय?"

"काही नाही?"

"काही नाही."

गुडघ्यांना पुष्कळ काही झालं होतं. पण ते केयूरला सांगणं म्हणजे गोत्रीची पिशवी भरायला घेणं. लीलाबाई गोत्रीला आठ दिवस राहून आल्या होत्या. लिफ्ट होती, बाग होती, मंदिरही होतं, पण सकाळपासून रात्रीपर्यंत "काय गं लीला" म्हणणारं कुणी नव्हतं. तिथे त्या केयूरची आई होत्या आणि सी-सातशेतीन होत्या, बाकी कुणी नव्हत्या. त्यांचं साधं गणित होतं: दार राहिलं तर लहरीपुरा राहील, दार गेलं तर जिना, आणि जिना आला की गोत्री.

दुसरा आनंद समा भागात झाला. तिथे मानसिंगरावांचा पुतण्या दिग्विजय राहत होता. काका दवाखान्यात आहेत, काकांना त्रास नको, म्हणून त्याने स्वतःच्या मनाने टेम्पोभर विटा मागवल्या आणि लीलाबाईंच्या दाराशेजारी रचून ठेवल्या. उन्हाळ्याचे दिवस, विटा छान तापत. लीलाबाईंनी त्यांच्यावर जुनं धोतर अंथरलं आणि कुरडया वाळत घातल्या.

दोन रात्री दवाखान्यात काढून मानसिंगराव घरी आले. विटा बघून त्यांनी भुवया उंचावल्या.

"हे काय?"

"तुम्ही जिंकलात," लीलाबाई म्हणाल्या. "त्याच्या ह्या कुरडया."

मानसिंगरावांनी एक ओली कुरडई उचलून तोंडात टाकली आणि दिग्विजयला फोन लावला. काय बोलले ते लीलाबाईंना नीट ऐकू आलं नाही. "तुला कुणी सांगितलं होतं" एवढं मात्र तीनदा ऐकू आलं. ते ऐकून त्यांना वाटलं, चला, काम झालं. आता अर्ज म्हणजे नुसता उपचार.

*

तसं झालं नाही. अर्जाची नोटीस मानसिंगरावांना मिळाली त्या दुपारी ते भिंग आणि अर्ज घेऊन दारात येऊन उभे राहिले. चेहरा लाल.

"वहिनी, हे काय लिहिलंय? परिच्छेद चार."

"काय?"

"'सदर सामनेवाले चक्कर येऊन अर्जदाराच्या दारात कोसळले.' कोसळले? मी कोसळलो?"

"मग काय लिहायचं होतं? विराजमान झाले?"

"मी खाली बसत होतो. आपणहून."

"डोळे मिटून?"

"विचार करत होतो."

"जीभ बाहेर काढून?"

मानसिंगरावांनी भिंग खिशात घातलं. "ही गोष्ट कोर्टात वाचली जाणार. गणपतराव वाचणार, पट्टेवाला ऐकणार. आमच्या घराण्यात कोर्टात उभं राहून कुणी असं... आणि एका बाईने उचललं म्हणे! 'अर्जदाराने सामनेवाल्यास खांद्यावर आधार देऊन.' तुमचा खांदा केवढा, मी केवढा!"

"त्याच खांद्याला अजून शेक देतेय."

"अपील पुन्हा लागू द्या, माझी ना नाही. पण दुसरं कारण लिहा. तुमचे गुडघे लिहा ना. ते खरे आहेत."

हे मात्र लीलाबाईंना झोंबलं. गुडघे शपथेवर गेले की तो कागद उद्या केयूरच्या हातात.

"माझे गुडघे ठणठणीत आहेत. आणि त्या दिवशी मी गुडघ्यांमुळे राहिले नाही, तुमच्यामुळे राहिले. चाळीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं, आता शपथेवर खोटं बोलू?"

"मग मीही शपथेवर सांगेन. मी पडलो नाही म्हणून."

"सांगा!"

"सांगतोच!"

गणपतरावांनी फोन करून रसिकाला कळवलं, की आमचे अशील जबाब घालायचं म्हणतात. रसिका संध्याकाळी स्कूटीवर आली आणि चहा न घेता बोलायला लागली, म्हणजे गोष्ट गंभीर होती.

"काकू, दवाखान्याच्या कागदावर काय लिहिलंय माहीत आहे? पेशंट आला तेव्हा शुद्धीवर होता, बोलत होता. तुमच्या गुळाने घोटाळा केला. त्यात ते म्हणाले मी पडलोच नाही, तर जजसाहेबांना वाटेल बाई कहाणी रचून आली. मग अपील गेलं ते गेलंच. काकांना मनवा ने."

"मी नाही मनवणार," लीलाबाई म्हणाल्या. "त्यांना दार बंदच हवंय ना? बघू दे बंद दार कसं असतं."

आणि रसिका गेल्यावर त्यांनी दार लावलं, आतून कडी घातली, वर अडसर घातला.

*

तीन दिवस दार बंद होतं.

पहिल्या दिवशी लीलाबाईंना मौज वाटली. पुढून सतरा पायऱ्या चढल्या, आतून अकरा उतरल्या, आणि स्वतःवर खूश होऊन शिरा केला. शिऱ्याची वाटी कुठेच गेली नाही. दुसऱ्या दिवशी भाजी आणायला जाताना अकरा चढून सतरा उतरल्या, येताना पुन्हा सगळ्या उलट. आतला जिना मानसिंगरावांच्या भिंतीला लागून. लाकडी, जुना. एकेक पायरी बोलायची. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज येई, मग तोही थांबे. कुणीतरी मोजत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी, हातात दुधाची पिशवी घेऊन उतरताना, सहाव्या पायरीवर उजवा गुडघा म्हणाला, बस्स. लीलाबाई बसल्या. वर पाच पायऱ्या, खाली पाच. वरही जाववेना, खालीही. जिन्यात अंधारं आणि गार होतं. दूध गरम होईल, नासेल, एवढाच विचार त्या करत राहिल्या, कारण दुसरा विचार करायचा नव्हता. तरी तो आलाच. केयूर बरोबर होता. रोज हे जमणार नव्हतं. एक महिना जमेल, दोन जमतील. मग एक दिवस सहाव्या पायरीवरून उठताच येणार नाही, आणि ते केयूरला कळायला वेळ लागेल.

रडू येईल असं वाटलं तेव्हा त्यांनी आईसारखी तोंडात ओवी घेतली:

*पायरीबाई पायरी, किती गं तुझा ताठा*
*गुडघ्याला माझ्या विचार, उरल्या किती वाटा*

भिंतीपलीकडे काहीतरी हललं.

"वहिनी?"

लीलाबाईंनी दुधाची पिशवी मांडीवर घेतली.

"वहिनी, सहाव्या पायरीवर आहात ना? पाच राहिल्या."

"मला मोजता येतात."

"बराच वेळ झाला. उठा ना."

"उठेन तेव्हा उठेन. दुधाला घाई आहे, मला नाही."

मग आवाज भिंतीच्या अगदी जवळ आला, जणू माणूस भिंतीला कान लावून उभा होता.

"दार उघडा, मी आत येतो. हात देतो."

"दार बंद करायचा हुकूम तुमचाच आहे," लीलाबाई म्हणाल्या. "आणि दार उघडायला आधी मला पाच पायऱ्या उतराव्या लागतील. हा विचार तुम्ही अकरा वर्षांत कधी केला नव्हता वाटतं."

लीलाबाई कठड्याला धरून, एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, लहान पोर उतरतं तशा उतरल्या. दूध नासलं नव्हतं. दार त्यांनी तरीही उघडलं नाही.

*

अर्जाच्या तारखेला दोन रिक्षा निघाल्या. बांगडीवाला दुकानातून बाहेर येऊन बघत राहिला. त्याने असं दृश्य कधी पाहिलं नव्हतं.

कोर्टात लीलाबाई उजव्या बाकावर, मानसिंगराव डाव्या. काळा कोट, खिशात रुमाल, हातात घडी घातलेला कागद. तो जबाबच असणार. आज रसिका कुठल्याही मजल्यावर गेली नव्हती. पुकारा झाल्याबरोबर उभी राहिली.

न्यायाधीशबाईंनी अर्ज वाचला. चष्मा वर केला. मग दवाखान्याचा फॉर्म हातात घेतला आणि एका रकान्यावर त्यांचं बोट थांबलं.

"वकीलबेन, रुग्णाशी नातं, विरुद्ध पक्षकार. हे काय आहे?"

"मॅडम, रुग्ण म्हणजेच सामनेवाले आहेत. इथे हजर आहेत."

मागच्या बाकांवर कुणीतरी खाकरलं. न्यायाधीशबाईंनी ओठ घट्ट मिटले, पण डोळे ऐकत नव्हते. मग त्यांनी दुसरा कागद उलटला आणि डोळ्यांतलं हसू मावळलं.

"पण इथे तर लिहिलंय की पेशंट आला तेव्हा शुद्धीवर होता, नीट बोलत होता. मग कोर्ट सोडून जायची एवढी काय निकड होती? गणपतरावजी, तुमचा जबाब आहे?"

गणपतराव उठले आणि अशिलाकडे वळून पाहू लागले. मानसिंगरावांच्या हातातला कागद त्यांना हवा होता. मानसिंगरावांनी तो दिला नाही. कोटाची बटणं लावत ते स्वतःच उभे राहिले.

"काका, तुम्ही सांगा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "त्या दिवशी तुम्ही पडलात का?"

पंखा फिरत होता. पट्टेवाला दाराशी थांबला होता. लीलाबाईंना एकदम वाटलं, नको, ह्या माणसाला इथे असं उभं करायला नको होतं. रसिकाच्या गाऊनची बाही त्यांनी ओढलीसुद्धा.

"मी पडलो नाही," मानसिंगराव म्हणाले.

रसिकाने डोळे मिटले.

"पडणार होतो," मानसिंगराव पुढे म्हणाले. आवाज तालमीतल्यासारखा खणखणीत ठेवायचा प्रयत्न होता, तो मध्येच फाटला. "ह्यांनी पडू दिलं नाही. माझं वजन पंच्याऐंशी किलो आहे, साहेब. ह्यांचं तुम्ही बघताच आहात. दवाखान्यात मी बोलत होतो कारण ह्यांनी वाटेत माझ्या तोंडात गूळ घातला. अर्जात लिहिलंय ते सगळं खरं आहे. फक्त 'कोसळले' हा शब्द... तोही राहू द्या."

आणि ते बसले. खिशातला रुमाल काढून त्यांनी कपाळ पुसलं, मग बराच वेळ डोळे.

हुकूम व्हायला फार वेळ लागला नाही. गैरहजेरीला पुरेसं कारण होतं, सामनेवाल्यांची हरकत नाही, अपील मूळ नंबरावर पुन्हा दाखल, स्टे पूर्ववत. अंतिम सुनावणी पुढच्या महिन्यात.

"अने वकीलबेन," न्यायाधीशबाई अर्जातल्या मिस्ड कॉलच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "कोर्ट मिस्ड कॉलथी नथी चालती."

रसिकाने मान इतकी खाली घातली की तिच्या गळ्यातला पांढरा बँड टेबलाला टेकला.

*

बाहेर व्हरांड्यात चौघं एका बाकाशी आले. आनंद व्हायला हवा होता. लीलाबाईंना हलकं वाटत होतं, पण पुरतं नाही.

"पुढच्या महिन्यात खरोखर चालणार?" त्यांनी रसिकाला विचारलं.

"चालणार. ह्या मॅडम तारखा देत नाहीत. निकालच देतात."

"आणि हरले तर?"

"तर मग दार..." रसिका थांबली.

"तर मग गोत्री," लीलाबाई म्हणाल्या. "सातवा मजला. लिफ्ट आहे म्हणे."

मानसिंगराव बाकावर बसून बुटाच्या नाडीकडे बघत होते. "गोत्री लांब आहे," ते नाडीला म्हणाले.

"तुम्हाला काय करायचंय? तुमचा बोळ मोकळा होईल."

"मोकळा बोळ घेऊन मी काय करू? त्यात पळत जाऊ?" ते एकदम वर बघून म्हणाले. "शरदला मी एवढंच म्हणत होतो, की मला विचारायचं होतंस. मी गवंडी दिला असता. चौकट दिली असती, सागाची. रोज संध्याकाळी पत्ते खेळायचा माझ्याशी, आणि दार पाडायच्या वेळी एक शब्द नाही. मी गावाहून आलो तर खिडकीच्या जागी भगदाड!"

अकरा वर्षं ह्या जागी लीलाबाई यजमानांची बाजू घेत आल्या होत्या. सनद खोटी, नकाशा खरा, खिडकी आमची. ते सगळं त्यांना पाठ होतं. पण आज हा माणूस भर कोर्टात उभा राहून 'पडणार होतो' म्हणाला होता.

"चुकलंच त्यांचं," त्या म्हणाल्या. "विचारायला हवं होतं. मी म्हटलंही होतं त्यांना. म्हणाले, मानसिंग काही म्हणणार नाही."

मानसिंगरावांनी मान दुसरीकडे वळवली. खाकरून म्हणाले, "गणपतराव, तडजोडीचा कागद काढा. लिहा. बोळ माझा."

"बोळ माझा," गणपतराव लिहू लागले.

"माझाच. आणि त्या बोळातून लीलावहिनी, त्यांच्या दाराने, हयातभर येतील-जातील. माझ्या परवानगीने."

"परवानगी?" लीलाबाईंचा पदर खांद्यावर चढला. "मी कुणाच्या परवानगीने माझ्या घरात जायची नाही. हक्काने जाईन."

"हक्क कोर्ट देईल, दिला तर. परवानगी मी आत्ता देतोय."

"तुमच्या परवानगीचा भरवसा काय? कढीत मीठ जास्त पडलं की संपली."

"मीठ जास्त पडलं तरी चालू राहील, असं लिहा, गणपतराव."

"आणि तुम्ही रागावलात तर?"

"रागावलो तरी."

"दिग्विजयने विटा आणल्या तर?"

"आणल्या तरी. तोही बांधील राहील, असं लिहा. मी गेल्यावरसुद्धा."

"काका, मग ह्यालाच हक्क म्हणतात," रसिका पुटपुटली. गणपतरावांनी तिच्या पायावर हळूच पाय ठेवला.

"परवानगी," मानसिंगराव म्हणाले.

"हक्क," लीलाबाई म्हणाल्या.

गणपतरावांनी चष्मा पुसला. चाळीस वर्षं वकिली केलेला माणूस. त्यांनी कागद रसिकाकडे सरकवला आणि डोळ्यांनीच काहीतरी सांगितलं. रसिकाने शेवटचं वाक्य पुन्हा स्वच्छ अक्षरात लिहून काढलं. दिग्विजय घातला, वारस घातले, राग घातला, मीठ तेवढं वगळलं. 'लीलाबाई सदर दाराने व सदर बोळातून हयातभर येतील-जातील' इथे आली, आणि दोन्हींपैकी एकही शब्द न घालता पूर्णविराम देऊन मोकळी झाली.

दोघांनी आळीपाळीने वाचलं, मानसिंगरावांनी भिंगातून आणि लीलाबाईंनी हातभर लांब धरून.

"इथे काहीतरी राहिलंय," मानसिंगराव म्हणाले.

"मलाही तसंच वाटतंय," लीलाबाई म्हणाल्या.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. व्हरांड्याच्या टोकाला पट्टेवाला कुणाचं तरी नाव पुकारत होता.

"पेन आहे का कुणाकडे?" सहीच्या जागेवर बोट ठेवून मानसिंगरावांनी विचारलं.

लीलाबाईंनी पिशवीतून आपलं पेन काढून दिलं, आणि टोपण मात्र काढून स्वतःच्या मुठीत ठेवलं.